बॅज खुंटीवर, नोंद माणसाच्या नावावर

वालूरहून सेलूला किंवा परभणीला एक्स-रे काढायला गेलात, तर तंत्रज्ञाच्या छातीकडे पाहा. तिथे प्लास्टिकची एक चपटी डबी अडकवलेली असते. निदान असायला हवी. हा टीएलडी बॅज. तो किरण अडवत नाही, ते काम शिशाच्या अ‍ॅप्रनचं. बॅज फक्त शरीरापर्यंत पोचलेले किरण मोजतो, म्हणून तो अ‍ॅप्रनच्या आत लावायचा.

डबीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीवर तीन चकत्या. कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोशियम घालून ते टेफ्लॉनमध्ये बसवलेलं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या तंत्राने १९७५ च्या सुमारास आपल्याकडे फिल्म बॅजची जागा घेतली. किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि सापळ्यांत अडकतात. दवाखान्यातल्या पट्ट्या साधारण तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातात. तिथे गरम नायट्रोजनने तापवल्यावर सापळे रिकामे होतात, चकती मंद उजळते. जितका उजेड, तितका डोस. मुख्य सापळे रिकामे व्हायला दोनशेच्या वर अंश लागतात, म्हणजे परभणीचा मे महिनासुद्धा त्यांना पुरा पडत नाही. तरीही बॅज उन्हात, ओलीत टाकू नये.

खरी गडबड होते ती खुंटीवर. ड्युटी संपली की अ‍ॅप्रनसकट बॅज एक्स-रे खोलीतच टांगून जायची सवय अनेकांना असते. पण चकतीला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही. खुंटीवर पडलेले किरणही तंत्रज्ञाच्याच नावावर चढतात. कामगारांसाठी मर्यादा आहे सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात फार तर ३०. आकडा फारच मोठा आला तर चौकशी, प्रसंगी रक्तातल्या गुणसूत्रांची तपासणी.

याच्या उलट चूक मला जास्त घातक वाटते. बॅजच्या संचात एक कंट्रोल बॅज असतो. तो कुणी लावायचा नाही, किरणांपासून दूरच्या खोलीत ठेवायचा. माती, दगड, आकाश यांतून सगळ्यांनाच मिळणारे किरण तो मोजतो आणि त्याचं माप इतरांच्या मापातून वजा होतं. हाच बॅज एक्स-रे खोलीतल्या ड्रॉवरमध्ये राहिला, तर वजाबाकी फुगते आणि प्रत्येकाचा डोस कागदावर घटतो. मोठ्या आकड्याची चौकशी तरी होते. छोट्या आकड्याला कोण विचारतो? म्हणून काम संपलं की सगळे बॅज कंट्रोलच्या शेजारी.

आणि हाच तंत्रज्ञ हात मोडून स्वतः एक्स-रेला आला, तर बॅज आधी काढून ठेवायचा. रुग्ण म्हणून घेतलेला डोस कामाच्या खात्यात धरत नाहीत.