डाळिंब: पाणी देऊनही झाड मलूल? मुळी उकरून बघा


ड्रीप चालू, माती ओली, तरी दुपारी झाड मान टाकतंय? खताचा डोस वाढवू नका, आधी पांढरी मुळी उकरून बघा. मण्यांसारख्या गाठी म्हणजे सूत्रकृमी (निमॅटोड). ही बारीक अळी मुळीच्या टोकातून आत शिरते, एका जागी ठाण मांडते आणि आजूबाजूच्या पेशी फुगवून त्यांच्यावरच जगते. तुमचं खत-पाणी आधी तिच्या पोटात! एक मादी 200 ते 500 अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार. एकदा बागेत शिरली की पूर्ण जात नाही. म्हणून नवीन रोपं घेताना दोन-चार पिशव्या फाडून मुळ्या बघाच. गाठ दिसली तर नर्सरीवाला कितीही ओळखीचा असो, लॉट घेऊ नका. बागेत टोमॅटो, वांगी, काकडी नको, झेंडू लावा. शंका असेल तर मुळीचा फोटो ग्रुपवर टाका.