चेहरा नव्हे, चाल पाहावी

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता वाळूजची औद्योगिक वसाहत सुरू होते. १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनविणारे अनेक लहानमोठे उद्योग उभे राहिले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर या वस्त्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतून आलेली माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. गावाकडे माणसाची पारख त्याच्या घराण्यावरून, सोयरिकीवरून होते. येथे ती सोय नाही. खोलीत नव्याने आलेल्या सोबत्याकडे किल्ली द्यावी का, त्याला भिशीत घ्यावे का, ‘कायम करून देतो’ म्हणणाऱ्याचे खरे मानावे का, हे प्रश्न येथे नित्याचे आहेत.

अनोळखी माणसावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नावरच बेतलेला एक खेळप्रकार गेल्या चार दशकांत जगभर पसरला आहे. त्यात प्रत्येकाला गुप्त भूमिका मिळते. काही जण निष्ठावान असतात, काही फितूर. कोण कोणत्या पक्षाचा, हे बोलण्यावरून आणि वागण्यावरून ओळखायचे. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ मध्ये रचलेला ‘माफिया’ हा या खेळांचा मूळपुरुष मानला जातो. २०२० च्या टाळेबंदीत भ्रमणध्वनीवर गाजलेला ‘अमंग अस’ हा त्याच कुळातला. मराठी घरांना हा प्रकार अगदीच परका नाही. राजा, राणी, चोर, शिपाई अशा चार चिठ्ठ्या टाकून आपण लहानपणी जे खेळलो, त्याचे बीज हेच. मात्र तेथे शिपायाच्या हाती चोराच्या चेहऱ्याखेरीज दुसरा पुरावा नसतो, म्हणून त्याचा निर्णय निव्वळ कौल लावण्यासारखा असतो. मोठ्यांच्या खेळात पुरावा मिळतो. तो कोणता मानावा आणि कोणता मानू नये, हे समजून घेण्याजोगे आहे.

आर्थर राजाचा दरबार

या प्रकारातील साहित्याशी नाते सांगणारा प्रसिद्ध खेळ म्हणजे डॉन एस्क्रिज यांचा २०१२ मधील ‘ॲव्हलॉन’. त्याची पात्रे इंग्लंडच्या आर्थर राजाच्या कथांतील आहेत. पाच ते दहा जणांनी तो खेळायचा. पाच जण असतील तर तीन राजाचे व दोन फितूर. फितूर एकमेकांना ओळखतात, राजनिष्ठ मात्र कोणालाच ओळखत नाहीत. अपवाद मर्लिन या ज्ञानी पुरुषाचा. त्याला फितूर कोण ते ठाऊक असते.

पाळीपाळीने एकेक जण नायक होतो आणि मोहिमेवर कोणी जावे ते सुचवितो. त्यावर सर्वांनी उघड मतदान करायचे. बहुमत मिळाले तर निवडलेले लोक एकेक पान गुप्तपणे टाकतात, यशाचे किंवा अपयशाचे. निष्ठावानाला यशाचेच पान टाकावे लागते, फितुराला दोन्हींची मुभा असते. एक अपयशाचे पान पडले तरी साधारणपणे मोहीम बुडते. तीन मोहिमा बुडाल्या तर फितूर जिंकतात. सलग पाच प्रस्ताव फेटाळले गेले तरीही फितूरच जिंकतात. तीन मोहिमा यशस्वी झाल्या तरी राजपक्ष सुटत नाही. फितुरांपैकी मारेकऱ्याने शेवटी मर्लिन कोण हे अचूक ओळखले, तर जिंकलेला डाव हातचा जातो.

आर्थरची पात्रे परकी वाटत असतील, तर विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक या खेळासाठीच लिहिले असावे असे वाटण्याइतके सोयीचे आहे. एका बाजूला चंद्रगुप्ताचा पक्ष, दुसऱ्या बाजूला मलयकेतूचा. हेरांकरवी सारे जाणणारा चाणक्य मर्लिनच्या जागी शोभतो आणि चंद्रगुप्तासाठी विष कालवणारा वैद्य अभयदत्त मारेकऱ्याच्या जागी. साहित्य म्हणून पत्त्यांचा एक कॅट पुरतो: तांबडे पान यशाचे, काळे अपयशाचे.

डोळ्यांतून काही कळत नाही

नवखा खेळाडू प्रथम काय करतो? समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. खोटे बोलणारा नजर चुकवितो, हा समज सार्वत्रिक आहे. २००६ मध्ये ५८ देशांतील लोकांना ‘खोटारडा कसा ओळखावा’ असे विचारले असता सर्वाधिक आढळलेले उत्तर हेच होते. प्रत्यक्षात या खुणेला फारसा आधार सापडत नाही. लाजाळू माणूसही नजर चुकवितो आणि मुरलेला लबाड मुद्दाम डोळ्याला डोळा भिडवतो.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्येच अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. चोवीस हजारांहून अधिक लोकांनी दिलेले निर्णय त्यात तपासले गेले. खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर ठरली. नाणे उडविले तर ५० वेळा बरोबर येईल! म्हणजे ज्या पारखीचा आपल्याला अभिमान असतो, ती नाणेफेकीपेक्षा जेमतेम चार पावले पुढे आहे.

हिशेब काय सांगतो?

चेहऱ्यापेक्षा साधे अंकगणित अधिक विश्वसनीय ठरते. आपण निष्ठावान आहोत आणि उरलेल्या चौघांत दोन फितूर आहेत, असे समजू. चौघांतून दोघांच्या जोड्या सहा होतात. सुरुवातीला प्रत्येकावरील संशय निम्मा, म्हणजे शंभरात पन्नास. आता अनंत व बाळू ही जोडी पहिल्या मोहिमेवर गेली आणि एक काळे पान पडले. त्या दोघांपैकी एक तरी फितूर आहे, हे निश्चित झाले. म्हणून ‘उरलेले दोघे फितूर’ ही एक शक्यता गळाली आणि पाच राहिल्या. त्या पाचांपैकी तिघींत अनंत आहे. शक्यता सारख्या धरल्या तर त्याच्यावरील संशय साठावर गेला, घरी राहिलेल्यांवरचा चाळीसवर आला. ‘अनंतच चोर’ असे ओरडण्याइतका हा फरक मोठा नाही. पहिल्याच अपयशानंतर एखाद्यावर तुटून पडणारे लोक दहा टक्क्यांच्या फरकाला शंभर टक्के समजतात.

उलट, मोहीम यशस्वी झाली तर काय सिद्ध होते? काटेकोर अर्थाने काहीच नाही. फितूर सुरुवातीला मुद्दाम तांबडे पान टाकून पत कमावतो आणि ऐनवेळी ती वटवितो. भरवशाच्या म्हशीला टोणगा, हा अनुभव खेळात हमखास येतो. भिशीचे पहिले दोन हप्ते वेळेवर भरणारा तिसऱ्याला नाहीसा होतो, तेव्हा त्यातही हेच तत्त्व असते. जे करणे लबाडालाही सोयीचे असते, ते प्रामाणिकपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

खरी माहिती मतदानात असते. पाच जणांच्या डावात तिघांची मोहीम सुचविली गेली आणि तीत आपण नाही, असे समजा. बाहेर आपण आणि आणखी एक जण. आपण निष्ठावान असल्याने बाहेर फार तर एक फितूर असू शकतो, म्हणजे आत किमान एक आहेच. अशा प्रस्तावाला निष्ठावानाने होकार देण्याचे कारण नाही, अपवाद फक्त नाइलाजाच्या पाचव्या प्रस्तावाचा. तरीही कोणी हसतमुखाने होकार दिला, तर त्याच्या शपथांपेक्षा हा एक हात वर होणे अधिक बोलके आहे. म्हणून जाणते खेळाडू कोणी कोणत्या प्रस्तावाला काय मत दिले, हे कागदावर टिपून ठेवतात आणि आपला संशय जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या मताचे कारण विचारतात. आधी आरोप केला की समोरचा त्याला साजेसे उत्तर घडवितो.

या म्हणण्याला यंत्राचाही दुजोरा आहे. एमआयटी व हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘डीपरोल’ नावाचा संगणकीय खेळाडू तयार केला आणि त्याला पाच जणांच्या ‘ॲव्हलॉन’मध्ये माणसांसोबत उतरविले. त्याला संभाषण समजत नव्हते आणि चेहरे दिसत नव्हते. प्रस्ताव, मते आणि मोहिमांचे निकाल एवढेच त्याच्यापुढे होते. तरीही साथीदार म्हणून आणि प्रतिस्पर्धी म्हणूनही तो माणसांपेक्षा सरस ठरला.

किंमत मोजणारी निष्ठा

हे शहाणपण आपल्याकडे जुनेच आहे. ‘मुद्राराक्षसा’त मलयकेतू फसतो तो पुराव्यामुळेच. राक्षसाच्या मुद्रेचे पत्र आणि ओळखीचे अलंकार त्याच्यापुढे येतात आणि तो आपल्याच निष्ठावान अमात्याला दूर करतो. पत्र व अलंकार दोन्ही चाणक्याने पेरलेले असतात. पुरावा हाती आला म्हणजे झाले नाही, तो कोणी आणि कशासाठी आणला हेही पाहावे लागते, हे त्याला सुचत नाही. त्याच नाटकात चंदनदास नावाचा व्यापारी आहे. राक्षसाच्या कुटुंबाचा ठावठिकाणा न सांगता तो वधस्तंभाकडे जायला तयार होतो. त्याच्या निष्ठेविषयी कोणाला शंका उरत नाही, कारण तिची किंमत तो स्वतः मोजतो आहे. ज्यात बोलणाऱ्याचे काही जात नाही ते आश्वासन आणि ज्यात करणाऱ्याचे बरेच जाते ती कृती, यांतला फरक विशाखदत्ताने नेमका दाखविला आहे.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त तर अमात्यांची परीक्षा घेण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. पण तेथेच त्याने एक इशाराही दिला आहे. पाण्यात विष कालवावे तसे निर्दोष माणसाला परीक्षेनेच दूषित करू नये. सतत संशयाने पारखला गेलेला माणूस शेवटी दुरावतो, हे त्या कठोर राजनीतिज्ञालाही मान्य होते.

लपविणे म्हणजे घात नव्हे

खेळातील सर्वांत सूक्ष्म धडा मर्लिनचा आहे. तो राजाचा सर्वांत मोठा आधार, पण त्याला आपले ज्ञान लपवावे लागते. तो अडखळतो, मोघम बोलतो, कधी जाणूनबुजून चुकीचे मत देतो. कच्चे खेळाडू त्यालाच फितूर ठरवितात. म्हणजे एखादा काही लपवितो आहे, हे आपण बरोबर ओळखतो, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकतो. लपविण्याची कारणे अनेक असतात, घात हे त्यांपैकी केवळ एक.

विजय तेंडुलकर यांचे १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. एक नाटकमंडळी वेळ घालविण्यासाठी लुटुपुटीचा खटला मांडते. आरोपीच्या पिंजऱ्यात बेणारे बाई. खेळता खेळता तिच्या खासगी आयुष्यातील दुःख उघड्यावर ओढले जाते आणि खेळाचा खराच खटला होतो. तिने लपविलेले होते, पण कोणाचा घात केलेला नव्हता. एकट्या पडलेल्या माणसावर सर्वांचे एकमत होणे हा पुरावा नसतो. कित्येकदा तो फक्त कळपाचा आवाज असतो.

खेळ आणि गाव

या खेळात आणि जगण्यात एक मूलभूत भेद आहे, तो विसरला तर खेळाचे शहाणपण घातक ठरते. खेळात फितुरांची संख्या आधीच ठरलेली असते. पाचांत दोन म्हणजे दोन. तेथे संशय घेणे हे कर्तव्यच असते. गावात, वसाहतीत, कारखान्यात अशी कोणतीही संख्या ठरलेली नसते. बहुतेक माणसे बहुतेक वेळा खरेच बोलतात, म्हणून विश्वासाने सुरुवात करणे हा भाबडेपणा नसून व्यवहार आहे.

एका बाजारात हजार अनोळखी माणसे आली आणि त्यांत एकच गुन्हेगार आहे, असे धरू. आपली नजर शंभरात नव्वद वेळा अचूक आहे, असेही उदारपणे मानू. तरी ९९९ निरपराधांपैकी सुमारे शंभर जण आपल्याला गुन्हेगार वाटतील. शंभर निर्दोषांमागे एक दोषी! आणि आपली खरी अचूकता नव्वद नव्हे, चोपन्न आहे.

याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील लोक होते. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या त्या माणसांचे परकेपण हाच जमावापुढचा पुरावा होता. कृती पाहायला कोणी थांबले नाही.

वाळूजसारख्या ठिकाणी, जेथे जवळजवळ प्रत्येक जण कोणासाठी तरी परकाच आहे, हा विचार अधिक महत्त्वाचा. भिशीत नवा माणूस घेताना त्याचे डोळे वाचण्याऐवजी हप्त्यांची नोंद सर्वांसमोर ठेवावी. नोकरीचे आमिष दाखविणारा आगाऊ पैसे मागत असेल, तर आपण बुडालो तर त्याचे काय जाते, हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. आणि कोणाविषयी सगळेच एका सुरात बोलू लागले, तर त्या माणसाला त्याची बाजू मांडायला वेळ द्यावा. डावात चुकीचा माणूस बाहेर काढला तर पत्ते पुन्हा पिसता येतात. राईनपाड्याला ती सोय नव्हती.