पोराचे पैसे आणि आपले रेशन कार्ड

"ताई, ते पैसे नकोत मला. कार्ड जाईल."

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर पावसाळ्याच्या शेवटी मी बालसंगोपनाचा अर्ज घेऊन गेले होते, तेव्हा एका मावशींनी मला असे सांगितले. त्यांची धाकटी बहीण आणि मेहुणा दोघेही वारले आहेत. त्यांची दोन मुले मावशींकडे आहेत, शिवाय स्वतःची तीन. दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला नवराबायको दोघेही दिंडोरीकडे जात. या वर्षी मावशी गेल्या नाहीत, कारण बहिणीचे धाकटे पोर पाच वर्षांचे आहे आणि रात्री घाबरून उठते. म्हणजे एका माणसाची हंगामाची मजुरी बुडाली. तरीही अर्जावर अंगठा द्यायला त्या तयार नव्हत्या. "सरकारचे पैसे आले की उत्पन्न वाढते," असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

ही भीती मी पेठला ऐकली आहे, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर ऐकली आहे. ती अगदी निराधार नाही, म्हणूनच या अंकात तिच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे आईबाप गेलेले पोर मामाकडे, मावशीकडे, आजीकडे राहते. त्याला कोणी योजना म्हणत नाही. राज्य सरकारने मात्र अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना ठेवली आहे. आता तिचे पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे आहे. मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावे, हा तिचा हेतू. अनाथ मुले तर त्यात येतातच, पण आई किंवा बाप यांपैकी एकच उरला असेल तरी अर्ज करता येतो. पूर्वी महिन्याला 425 रुपये मिळत, मग 1100 झाले, आणि 2023 पासून एका मुलामागे 2250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये हीच मदत महिन्याला 4000 रुपये आहे. तिच्या प्रायोजकत्वासाठी खेड्यातल्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 72,000 रुपयांच्या आत असावे लागते. आपल्या मुलाला कोणती योजना लागू पडते, हे नाशिकच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून मगच कागद जमवायला लागा.

आता मावशींचा हिशेब. दोन मुलांचे 2250 प्रमाणे महिन्याला 4500, वर्षाला 54,000 रुपये. खेड्यात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44,000 रुपये आहे. हे पैसे घरच्या उत्पन्नात धरले, तर मजुरीचा एक रुपयाही न मोजता मर्यादा ओलांडली जाते. विधवा बाईची गोष्ट याहून अवघड. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला 21,000 रुपयांच्या आत लागते, म्हणजे महिन्याला 1750. एकाच पोराचे बालसंगोपन वर्षाला 27,000 होते. लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तिथे उत्पन्नाची अडचण नाही. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा दीड हजाराच्या वर मदत मिळणारी बाई त्यात बसत नाही, आणि 2250 तर दीड हजाराच्या वरच आहेत.

म्हणून मुख्य प्रश्न एकच: हे पैसे कोणाचे?

बाल कल्याण समितीचा आदेश मुलाच्या नावाने निघतो. पैसे मुलाच्या जेवणाचे, कपड्यांचे, वहीपुस्तकांचे, औषधाचे. मावशीला सांभाळण्याची मजुरी म्हणून ते दिलेले नाहीत. मूल अठरा वर्षांचे झाले, घर सोडून गेले, की पैसे थांबतात. मजुरी अशी नसते. लाभार्थी मूल आहे, मावशी नाही. हे वाक्य मी प्रत्येक घरी दोनदा तरी सांगते.

पण नुसते सांगून भागत नाही, ते कागदावर दिसले पाहिजे. म्हणून आमचा आग्रह असतो की खाते मुलाच्या नावाने, पालनकर्त्याच्या संयुक्त नावासह काढावे आणि आधारला जोडावे. मावशीच्या स्वतःच्या खात्यात, जिथे मजुरी आणि लाडकी बहीण दोन्ही येतात, तिथेच हे पैसे आले तर पासबुक बघणाऱ्याला वेगळे काय दिसणार?

तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलात तर ही रक्कम लपवू नका. लपवलेले पुढे निघाले की बोलायला तोंड राहत नाही. आदेशाची झेरॉक्स पुढे ठेवा आणि सांगा की ही मदत मुलाच्या नावे आहे, आमची कमाई एवढी एवढी आहे. मजुरी, शेती, बचत गटाच्या पापडाचे पैसे, हे तुमचे उत्पन्न, ते खरे सांगा. एखाद्याने तरीही दोन्हींची बेरीज केली तर तिथे वाद घालत बसू नका. तसे लेखी मागा आणि आमच्याकडे या.

आणखी एक घोळ होतो. पैसे दर महिन्याला येतातच असे नाही. एका कुटुंबाच्या दोन मुलांचे आठ महिन्यांचे पैसे एकदम आले, 36,000 रुपये. पाड्यावर बोलणे सुरू झाले की यांना लॉटरी लागली. ही आठ महिन्यांची थकबाकी आहे हे पासबुकात लिहिलेले नसते. तेव्हा कोणत्या महिन्यांचे पैसे कधी आले, हे एका वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मोठ्या पोराकडून लिहून घ्या.

इन्कम टॅक्सबद्दलही विचारतात, विशेषतः बँकेत पॅन मागितले की. पॅन काढले म्हणजे कर लागतो असे नाही, आणि पॅन नसेल तर तसे घोषणापत्र भरून खाते काढता येते. 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त आहे. आपल्या पाड्यांवर कोणाचाही हिशेब तिथवर पोचत नाही. मात्र "आदिवासींना टॅक्सच नाही" असे काही नोकरदार मुले सांगतात, ते आपल्याला लागू नाही. ती सूट नागालँड, मिझोराम अशा ठरावीक प्रदेशांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना आहे, महाराष्ट्रात नाही. शिक्षक झालेल्या एका भाच्याला हे पटायला बराच वेळ लागला.

इंग्लंडमध्ये हा गुंता कायद्यानेच सोडवला आहे, तो वाचून मला हेवा वाटला. तिथे परके मूल सांभाळणारी बाई करापुरती स्वयंरोजगार करणारी धरली जाते. पण तिला मोठी सूट असते. 2023-24 मध्ये घरामागे 18,140 पौंड आणि शिवाय प्रत्येक मुलामागे आठवड्याची वेगळी रक्कम. गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीचा हिशेब करताना मूल सांभाळण्याचे पैसे उत्पन्नात धरतच नाहीत. आपल्याकडे असे एक वाक्य रेशनच्या, निराधारच्या आणि लाडकी बहीणच्या नियमांत स्पष्ट लिहिले, तर कोणत्याच मावशीला पोराचा घास आणि घरचे धान्य यांतून एक निवडावे लागणार नाही. आमच्या पुढच्या निवेदनात ही मागणी असेल.

आश्रमशाळेबद्दल थोडे. योजना घरात राहणाऱ्या मुलासाठी आहे. मूल निवासी आश्रमशाळेत असेल तर ते अर्ज करतानाच समितीला सांगा. गृहभेटीला कोणी आले आणि मूल घरी नसले, की सगळ्यांनाच खाली मान घालावी लागते.

रोजगार हमीचे काम, वनपट्ट्यावरची नागली-वरई, छाटणीची मजुरी, यांतले काहीही सोडावे लागत नाही. मूल सांभाळले म्हणून तुमची मजुरी बंद होत नाही, आणि मजुरी केली म्हणून मुलाचे पैसे बंद होत नाहीत.

मावशींकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांचे मालक छाटणीवरून दोन दिवस आले होते. त्यांनी सगळा हिशेब पुन्हा विचारला, खाते कोणाच्या नावाने हे दोनदा विचारले, आणि म्हणाले, "मग पोरांच्याच नावाने काढा." मृत्यूचे दोन दाखले, शाळेचा बोनाफाईड, रेशन कार्ड आणि आधार जमले आहेत. घरासमोर मुलांसोबतचा फोटो लागतो, तो राहिला होता. धाकट्याने फोटोसाठी मावशीचा पदर काही सोडला नाही, तेव्हा तसाच काढला. अर्ज नाशिकला दिला आहे.