खेळ बनविण्याची तालीम : डंडी शहराचा धडा

बारावीचा निकाल लागला की हल्ली काही घरांत एक नवा प्रश्न उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘अब्बा, मला व्हिडिओ गेम डिझाईन शिकायचे आहे.’ अब्बा दुकान सांभाळतात किंवा माग चालवितात. त्यांच्या मनात येते, दिवसभर मोबाईलवर बोटे चालतात ते काय कमी आहे, की आता त्याचीच फी भरायची? हा राग समजण्यासारखा आहे. परंतु रागाने नकार देणे किंवा हट्टापुढे नमून लाखो रुपये भरणे, दोन्हीही व्यापाऱ्याला शोभणारे नाही. माल घेण्यापूर्वी आपण तो हातात घेऊन पाहतो. हे शिक्षणही तसेच पारखून पाहू या.

तागाच्या शहराची गोष्ट

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचे शहर आहे. आपल्या देशाशी त्याचे जुने नाते आहे, ते तागाचे. एकोणिसाव्या शतकात बंगालचा कच्चा ताग कलकत्त्याहून जहाजांनी डंडीला जात असे. तागाचा धागा राठ असतो. तो व्हेल माशाच्या तेलाने मऊ करीत आणि त्याची गोणपाटे विणून जगभर विकत. पुढे १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची गिरणी निघाली आणि हळूहळू हुगळीच्या काठी गिरण्यांची रांग लागली. जिथे ताग पिकतो तिथेच तो विणला जाऊ लागला. विसाव्या शतकात डंडीच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे टायमेक्स कंपनीचा घड्याळांचा कारखाना आला. १९८२ पासून त्याच कारखान्यात झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक जोडला जाऊ लागला. तो शहरातल्या पोरांच्या हाती पडला आणि ती स्वतःच प्रोग्राम लिहू लागली. १९९३ मध्ये मोठ्या संपानंतर हा कारखानाही बंद झाला. पण तोवर नव्या हुनराचे बी पडले होते.

टायमेक्समध्ये काम केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणाने नोकरी सोडताना मिळालेल्या पैशातून एक चांगला संगणक घेतला आणि मित्रांना जोडीला घेऊन डीएमए डिझाईन ही कंपनी काढली. त्यांच्यातील एका सोबत्याने उभे-आडवे आठ-आठ ठिपके भरतील एवढ्याशा चौकटीत चालणारा माणूस काढून दाखविला. त्या चिमुकल्या चित्रातून १९९१ मध्ये ‘लेमिंग्ज’ हा खेळ तयार झाला आणि जगभर गाजला. १९९७ मध्ये याच कंपनीने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ काढला. त्यातील चोरी व मारामारी आपल्याला पटणारी नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण धंद्याचा आवाका लक्षात यावा म्हणून एक आकडा देतो. या मालिकेतील २०१३ च्या एकाच खेळाच्या आजवर २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

त्याच १९९७ साली डंडीच्या अबर्टे विद्यापीठाने संगणक खेळांची पदवी सुरू केली. जगातील अशा अगदी पहिल्या पदव्यांपैकी ती एक आहे. आधी गावात कारागीर झाले, मग त्यांची विद्या शिकविणारी शाळा निघाली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वर्गात काय शिकवितात?

एक खेळ बनविणे हे एकट्याचे काम नाही. कापडाला सूत कातणारा, रंगारी, विणकर आणि घडी घालणारा असे अनेक हात लागतात, तसेच इथेही आहे. प्रोग्रामर खेळाची यंत्रणा लिहितो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्राचा सारा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागात पुरा झाला पाहिजे. म्हणून त्याला गणित चांगले लागते. त्रिकोणमिती, सदिश आणि मॅट्रिक्स यांतून सुटका नाही. चित्रकार माणसे, इमारती आणि हालचाली घडवितो. डिझायनर नियम ठरवितो : कुठे अडचण घालायची, किती वेळाने यश द्यायचे, खेळणारा कंटाळणार नाही आणि हताशही होणार नाही हे कसे साधायचे. आवाजाचा कारागीर वेगळा आणि सर्वांकडून वेळेत काम करून घेणारा मुकादम वेगळा.

अबर्टेत यासाठी वेगवेगळ्या पदव्या आहेत. तंत्राची वेगळी, चित्रकलेची वेगळी, डिझाईन व निर्मितीची वेगळी. स्कॉटलंडमधील ऑनर्स पदवी चार वर्षांची असते. त्यातले महत्त्वाचे काम म्हणजे निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी टोळी करून खराखुरा खेळ बनविणे. खेळ बनला की तो अनोळखी लोकांच्या हाती देतात आणि निमूट बसून पाहतात, ते कुठे अडतात, कुठे खेळ टाकून देतात. मग पुन्हा दुरुस्ती करतात. गिऱ्हाइकाला कपडा घालून पाहू द्यावा आणि मग शिवण उसवावी, तसाच हा प्रकार आहे. ज्याला केवळ खेळण्याची हौस आहे, तो या उसवण्याला लवकर कंटाळतो.

संस्कृतीचा अभ्यास कशासाठी?

अनेक विद्यापीठांत खेळांच्या इतिहासाचा आणि संस्कृतीचाही अभ्यास असतो. हा भाग आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन समजून घ्यावा.

खेळ एका देशातून दुसऱ्या देशात जाताना रूप बदलतात. हिंदुस्थानचा चतुरंग इराणात आणि पुढे अरबांकडे जाऊन शतरंज झाला. बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. इराणी वळणाचा गंजिफा दख्खनेत आला आणि सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी त्यावर दशावतार रंगविले. प्रत्येक खेळावर बनविणाऱ्याची नजर उमटते.

आजच्या खेळांतही तेच घडते. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाचे संशोधक वीत शिस्लर यांनी २००८ मध्ये, व्हिडिओ खेळांत अरब व मुसलमान कसे दाखविले जातात यावर लेख प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य युद्धखेळांत ते बहुधा बिनचेहऱ्याचे शत्रू म्हणून येतात, हे त्यांनी दाखवून दिले. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील २००९ च्या खेळात कराची शहर आहे, पण तिथल्या दुकानांच्या पाट्या उर्दूऐवजी अरबीत होत्या. हा फरक ओळखणारा एक माणूस त्या कारखान्यात असता, तर एवढी चूक झाली नसती. खेळ कोट्यवधी मुले पाहतात. तो बनविणाऱ्यांत आपण नसलो, तर आपले चित्र दुसराच कोणीतरी अंदाजाने काढणार.

हलाल-हरामचा प्रश्न

गेम म्हटले की पैसे लावण्याचे ॲप आठवते. तो जुगार आहे, आणि त्याने कित्येक घरे बसली आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या व शिक्षणाच्या खेळांना मात्र त्याच कायद्याने उत्तेजन दिले आहे. तरीही सावध राहावे. काही खेळांत पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, अशी युक्ती असते. बेल्जियमने २०१८ मध्ये तिला जुगार ठरविले. कोणता खेळ बनवायचा आणि कोणता नाही, हे ठरविण्याची समज ज्याला आहे तोच खरा कारागीर.

पैसे भरण्यापूर्वी

हा धंदा मोठा आहे, पण स्थिर नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. पदवी हाती असूनही काम न मिळालेले तरुण आहेत. परदेशात तर फी स्थानिक मुलांपेक्षा कितीतरी जास्त पडते. तेव्हा जाहिरात पाहून, व्याजाच्या कर्जात पाय अडकवून घाई करू नये. देशातही वाटा आहेत. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाईनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेश परीक्षेने होतो. मुंबईत २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे.

संस्था कोणतीही असो, चार गोष्टी विचाराव्यात. मागील तुकडीने बनविलेले खेळ दाखवा. शिकविणाऱ्यांनी स्वतः कोणते खेळ बनविले? मागील तुकडीतील मुले आज कुठे काम करतात? आणि दिले जाणारे प्रमाणपत्र खरोखर विद्यापीठाची पदवी आहे काय? उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्याकडे थैली सोडू नये.

मुलाचीही एक परीक्षा घ्यावी. त्याला सांगावे, ‘बेटा, तीन महिन्यांत एक छोटा खेळ बनवून दाखव.’ गोडो, ब्लेंडर यांसारखी साधने फुकट मिळतात. खेळ साधा असला, अर्धवट असला तरी चालेल. जर तो रात्री जागून चुका दुरुस्त करीत बसला, तर त्याला हुनराची ओढ आहे असे समजावे आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे. जर तीन महिन्यांनी हाती काहीच नसेल, तर फी वाचली. आपल्या उस्तादांनी शागीर्द निवडताना हीच रीत पाळली. आधी हात पाहिला, मग गादीवर बसविले.