तापलेल्या यीस्टमध्ये जनुकांचं वाचन

पाव फुगवणारं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेविसी, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमानं वाढतं. ते एकदम ३७ ते ३९ अंशांवर नेलं, की पेशीतली प्रथिनं बिघडू लागतात. जी नुकतीच तयार होताहेत, ज्यांची घडी अजून नीट बसलेली नाही, त्यांना पहिला फटका बसतो. ती सावरायला पेशीला दुसरी, मदतनीस प्रथिनं भराभर हवी असतात. त्यासाठी जनुकांची आरएनए प्रत काढण्याचं काम, म्हणजे प्रतिलेखन, ऐन तापातही चालू राहावं लागतं.

आता ताप वाढलाय हे पेशीला कळतं कसं? संकटकाळातली जनुकं चालू करण्याचं काम एचएसएफ-१ या प्रथिनाकडे आहे. एरवी एचएसपी-७० नावाचं मदतनीस प्रथिन त्याला धरून ठेवतं. प्रथिनं बिघडू लागली की एचएसपी-७० त्यांच्यामागे लागतं आणि एचएसएफ-१ मोकळं होतं. म्हणजे झालेला बिघाडच इथे निरोप पोचवतो. या सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. मग काही मिनिटांतच एचएसपी-८२, एचएसपी-१०४ अशा जनुकांवरचे हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, बाजूला सारले जातात आणि त्यांच्या प्रती निघू लागतात. यातलं एचएसपी-१०४ प्रथिनांच्या गुठळ्या सोडवतं. त्याच वेळी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, प्रथिनांची जनुकं मात्र मंदावतात. वाढ थोडी थांबू शकते, दुरुस्ती थांबू शकत नाही. पुढे एचएसपी-७० पुरेसं तयार झालं, की ते पुन्हा एचएसएफ-१ला धरतं आणि ही धावपळ ओसरते.

एमएसएन-२ आणि एमएसएन-४ या प्रथिनांची जोडीही वेगळ्या वाटेनं अनेक संकटजनुकं चालू करते.

पण प्रत काढणारं यंत्रसुद्धा प्रथिनांचंच! आरएनए पॉलिमरेज-२ हे ते यंत्र, १२ उपघटकांचं. त्यातले १० नसतील तर यीस्ट जगतच नाही. आरपीबी-४ नावाचं उपघटक-प्रथिन त्या दहांमधलं नाही. ते काढून टाकलं तरी मध्यम तापमानाला पेशी जगतात, फक्त सावकाश वाढतात. तेवढंच पाहिलं असतं तर हा घटक दुय्यम ठरला असता. पण त्याच पेशी ३७ अंशांवर नेल्या की प्रतिलेखन झपाट्यानं घसरतं आणि वाढ थांबते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही या उपघटकावर बरंच संशोधन झालं आहे.

आरपीबी-४ आणि आरपीबी-७ हे दोन उपघटक मिळून यंत्राच्या मुख्य भागातून देठासारखे बाहेर आलेले असतात. आरपीबी-७ला यंत्राशी जोडून ठेवायला आरपीबी-४ मदत करतं. म्हणूनच आरपीबी-४ नसलेल्या पेशींना आरपीबी-७ नेहमीपेक्षा जास्त पुरवलं, तर त्यांची उष्णतेतली वाढ काही प्रमाणात परत येते.