सामान्य ज्ञान : एका शब्दाने उत्तर बदलते!



वर्गात प्रश्नमंजुषा घेताना मी विचारलं होतं, "ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?" एका मुलीने लिहिलं, नॉर्मन प्रिचर्ड. मी चूक दिली, कारण मला पाठ होतं, खाशाबा जाधव! घरी तपासलं तर चूक माझीच. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदके भारताच्या नावावर नोंदलेली आहेत. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, ते 'स्वतंत्र' भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. माझ्या प्रश्नात हाच शब्द राहून गेला होता.

असे शब्द मुलांना प्रश्नात अधोरेखित करायला लावा :

• चित्रपट : 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा भारताचा पहिला 'पूर्ण लांबीचा' मूकपट, तर 'आलम आरा' (१९३१) पहिला 'बोलपट'.

• इतिहास : सिरिमावो बंदरनायके (श्रीलंका, १९६०) 'जगातील' पहिल्या महिला पंतप्रधान, इंदिरा गांधी (१९६६) 'भारताच्या'.

• विज्ञान : अंतराळात गेलेले पहिले भारतीय 'नागरिक' राकेश शर्मा (१९८४). कल्पना चावला (१९९७) 'भारतात जन्मलेल्या' पहिल्या महिला, पण तेव्हा त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सगळ्यांसमोर तिचा गुण परत दिला. पालकांनो, घरी उत्तर पाठ करून घेण्याआधी एवढंच विचारा, "पहिलं म्हणजे नेमकं कशात पहिलं?"