गर्भवती आणि समुद्रतळाची सफर

डोहाळजेवणाच्या दिवशीं गर्भवतीस नौकेंत बसविण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. माजघरांत पाटांची होडी रचावयाची, तीस फुलांच्या माळा बांधावयाच्या, निळ्या वस्त्राचा समुद्र करावयाचा आणि हिरव्या लुगड्यांतील सुनेस तींत बसवून तिची ओटी भरावयाची. बालाघाटाच्या पठारावरील नेकनूरसारख्या गांवापासून समुद्र सुमारें तीनशें किलोमीटर दूर. पण कौतुकाच्या या नौकेस समुद्राचें अंतर कधींच आड आलेलें नाहीं.

आतां खरा समुद्रही पूर्वीइतका दूर राहिलेला नाहीं. सुटी लागली कीं घरांतील तरुण मंडळी मालवण-तारकर्लीकडे निघतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला कीं दुसरी हौस असते ती स्कूबा डायव्हिंगची. पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें, डोळ्यांवर कांचेचा मुखवटा आणि सोबतीस वाटाड्या पाणबुड्या, एवढ्या तयारीवर पोहतां न येणारा मनुष्यही समुद्रतळाचे मासे व प्रवाळ पाहूं शकतो. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें या विद्येचें केंद्रही आहे. या मंडळींत पुष्कळदां एखादी नवविवाहिता असते, आणि म्हणूनच आमच्या वाचक-भगिनींपुढें एक प्रश्न मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें: गर्भवतीनें ही बुडी मारावी काय?

उत्तर एका वाक्याचें आहे. मारूं नये, पहिल्या महिन्यांत नाहीं आणि नवव्याही नाहीं.

हें ऐकून एखादी सुशिक्षित सून म्हणेल, "ग्रहणांत भाजी चिरूं नये, त्यांतलीच ही आणखी एक मनाई!" तिचा राग आम्ही समजूं शकतों. गर्भवतीवर आपण लादलेल्या कित्येक निषेधांस शास्त्राचा कांहीं आधार नाहीं. परंतु हा निषेध रूढीनें घातलेला नसून शरीराच्या रचनेनें घातलेला आहे. म्हणून त्याचें कारण समजून घेणें इष्ट.

समुद्रांत दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटर खालीं गेलेल्या मनुष्यावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. त्या दाबाखालीं श्वासावाटे घेतलेल्या हवेंतील नायट्रोजन रक्तांत व शरीराच्या इतर भागांत अधिक प्रमाणांत विरघळतो. वर येतांना दाब उतरला कीं तोच वायु बाहेर पडूं लागतो. सोड्याच्या बाटलीचें झांकण उघडतांच बुडबुडे उसळतात, तसाच कांहींसा हा प्रकार. वर येणें सावकाश असेल तर हा वायु निमूटपणें निघून जातो. जे थोडे बारीक बुडबुडे होतात, ते आईच्या फुप्फुसांत अडकतात आणि तेथून श्वासावाटे वायु बाहेर पडतो. फुप्फुसें ही जणुं निसर्गानें बसविलेली गाळणीच होय.

गर्भास ही गाळणी उपलब्ध नसते. पोटांतील बाळ श्वास घेत नाहीं; त्यास प्राणवायु वारेंतून मिळतो, आणि त्याचें बहुतेक रक्त फुप्फुसांस वगळून, हृदयाच्या कप्प्यांमधील एका उघड्या वाटेनें व एका जोडनळीनें, थेट शरीराकडे जातें. वारेंतून प्राणवायु जातो तसा नायट्रोजनही जातो. बाळाच्या रक्तांत बुडबुडा झालाच, तर तो अडविणारें मध्यें कांहीं नाहीं. तो मेंदूकडे वा हृदयाच्या रक्तवाहिन्यांकडे जाऊं शकतो. आईस यत्किंचितही त्रास झाला नाहीं, म्हणून बाळ सुखरूप आहे असें म्हणतां येत नाहीं, तें याच कारणानें.

याचा पुरावा काय, असें कोणी विचारील. गर्भवती स्त्रियांवर असा प्रयोग करणें कोणत्याही सभ्य समाजास मान्य होणार नाहीं. म्हणून मेंढ्यांवर प्रयोग झाले, आणि त्यांतील कांहींत गर्भाच्या रक्तांत बुडबुडे आढळले. सन १९८० मध्यें २०८ स्त्री-पाणबुड्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. गर्भारपणीं बुड्या मारणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत जन्मजात व्यंगें अधिक दिसलीं. मात्र तें प्रमाण सर्वसाधारण समाजांतील प्रमाणाहून जास्त नव्हतें. तेव्हां हानि होतेच असें सिद्ध झालेलें नाहीं. पण अमुक खोलीपर्यंत धोका नाहीं असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयानें सन २०२० च्या आपल्या मार्गदर्शनांत गर्भवतीस व्यायामाचा आग्रह धरूनही स्कूबा मात्र वर्ज्य सांगितलें आहे. मालवणची बुडी उथळ असते हें खरें. पण उथळ म्हणजे निर्धोक, हें गर्भापुरतें कोणीही सांगूं शकत नाहीं.

कोणी कोरियाच्या जेजू बेटावरील हेन्यो स्त्रियांचें उदाहरण देतील. त्या पिढ्यान् पिढ्या समुद्रांत बुड्या मारून शिंपले व कालवें काढीत आल्या, आणि गरोदरपणींही त्यांचें काम थांबत नसे. परंतु त्या एका श्वासावर खालीं जातात. नळकांड्यांतील दाबलेली हवा खोल पाण्यांत सतत घेत नाहींत. शिवाय पोटासाठीं केलेलें कष्टाचें काम हा कांहीं आरोग्याचा दाखला नव्हे.

आतां खरी अडचण सांगतों. पांचव्या महिन्यांत कोणी बुडी मारावयास जात नाहीं. तिचें पोटच सर्वांस सांगतें. धोका असतो तो पहिल्या कांहीं आठवड्यांत, पाळी चार-आठ दिवस चुकलेली असते आणि अद्यापि कोणास कांहीं बोललेलें नसतें तेव्हां. बुडीपूर्वीच्या माहितीपत्रकांत गर्भारपणाचा प्रश्न असतो; पण तें पत्रक सर्वांच्या वतीनें घरचा एखादा पुरुष भरून टाकतो. किनाऱ्यावर दीर, नणंदा, मामेसासरे उभे, पैसे भरलेले, आणि सून "मला शंका आहे" म्हणावयास संकोचते. त्या संकोचाची किंमत बाळानें कां द्यावी? सासूबाईंनीं वा वडील जावेनें निघण्यापूर्वीच एकांतांत विचारून ठेवावें, आणि सुनेनें "मी वरच थांबतें" म्हटलें तर कोणी कारण विचारूं नये. पाळी चुकली असेल तर औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या पट्टीनें घरच्या घरीं तपासणी होते. तीही सोयीची नसेल, तर शंका हेंच पुरेसें कारण मानावें.

आणि नकळत बुडी होऊन गेली असेल तर? भिऊं नये, आणि कोणी तीस दोषही देऊं नये. तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार मुळींच करण्याचें कारण नाहीं. अशा बहुतेक स्त्रियांस निरोगी मुलें झालेलीं आहेत. पुढील बुड्या थांबवाव्यात, डॉक्टरांस किती खोल व कितीदां गेलों तें स्पष्ट सांगावें, आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहून घ्यावी. हें सर्व तालुक्याच्या गांवींही होऊं शकतें.

गर्भवतीनें पाण्यास भ्यावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. प्रकृति ठीक असल्यास, डॉक्टरांच्या संमतीनें, शांत पाण्यांत पोहणें तिला हितकरच आहे. समुद्रतळ तर कोठें जात नाहीं. साध्या प्रसूतीनंतर निदान चार आठवडे, शस्त्रक्रिया झाली असल्यास निदान आठ आठवडे जाऊं द्यावेत, आणि अंगांत पूर्ववत् शक्ति आल्यावर डॉक्टरांस विचारून खुशाल बुडी मारावी. बाळास अंगावर पाजणाऱ्या आईसही मग ती वर्ज्य नाहीं. तेवढा वेळ किनाऱ्यावर नातवंडास मांडीवर घेऊन बसण्यास आजीबाई आनंदानें तयार होतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.